धाकट्याच्या मापाची फळी

...नाही, नाही, मला एक सांगा, तुम्ही कधी दुसऱ्याच्या ओल्या कपड्यात पाय घातलाय? स्वतःच्या नव्हे हो, स्वतःच्या ओल्या कपड्यात कोणीही घालतो, त्यात काय मर्दुमकी! दुसऱ्याच्या! आणि कपडा म्हणजे तरी काय, समुद्रात उतरायचा, रबराचा, काळा, जाडजूड, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, आतून गार, चिकट... आणि तुमच्या आधी तो कोणीतरी घातलेला. कोणी, ते देव जाणे, पण माणूस घामट होता एवढं मी छातीठोकपणे सांगतो, कारण माणूस गेला होता आणि वास राहिला होता. मी एक पाय आत सरकवला. आत काहीतरी होतं. मऊ होतं. मी म्हटलं, अहो, आत काहीतरी आहे. तर तो सूट भाड्यानं देणारा इसम, खुर्चीवरून उठायचेही कष्ट न घेता म्हणतो, "वाळू असेल. घाला बिनधास्त. नव्यासारखाच आहे."

नव्यासारखाच!

तुम्हाला सांगतो, या शब्दाची मला शिसारी आहे. नवं म्हणजे नवं, जुनं म्हणजे जुनं, हे मधलंच 'नव्यासारखं' काढलं कोणी? मी सांगतो कोणी काढलं. आमच्या आईनं काढलं. खास माझ्यासाठी काढलं. कारण मी धाकटा.

दादा माझ्यापेक्षा वयानं तीन वर्षांनी मोठा आणि अंगानं म्हणाल तर माझ्यासारखे दीड. म्हणजे लहानपणी तर होताच. आता या हिशेबात तुम्हीच बसून बघा. दादाचा सदरा आखूड झाला, की धाकट्याला. दादाची चड्डी आखूड झाली, की धाकट्याला. दादाचे बूट... बुटांचं तर विचारूच नका, पुढे कापसाचे बोळे कोंबून आई मला बूट घालायची, आणि शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आधी मी पोचायचो आणि मागून बूट यायचे. पुस्तकंही दादाचीच. गणिताच्या पुस्तकात उत्तरं आधीच लिहिलेली, आणि सगळी चुकलेली! म्हणजे चुकासुद्धा मला वापरलेल्या मिळायच्या, आता बोला. दातांचा ब्रश तेवढा एकदा नवा मिळाला, तोही दादाला रंग आवडला नाही म्हणून. आणि तक्रार करायची सोय नाही हं, तोंड उघडलं की आई म्हणायची, "अरे, काय वाईट आहे त्याला? नव्यासारखं आहे. आणि जरा मोठं आहे ते बरंच आहे, वाढत्या अंगाचं असावं. मावशील रे एक दिवस."

मावशील रे एक दिवस! अहो, माझं लग्न झालं दादाच्या लग्नातल्या कोटात. फोटो दाखवीन कधी. फोटोत लग्न कोटाचं लागतंय आणि मी त्यात कसाबसा उभा आहे. बाह्यांतून बोटांची फक्त टोकं बाहेर. बायकोनं अंगठी घालायला माझा हात शोधला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काळजीचं काहीतरी आलं ना, ते अजून गेलेलं नाही.

तर अशा माणसानं पोटापाण्याला काय धरावं? मी कवळ्या बनवतो. हसू नका. दातांच्या दवाखान्यांतून ठसे येतात, मी प्लास्टर ओततो, मेण लावतो, एकेक दात बसवतो, घासतो, तासतो. का माहितीये? कारण जगात ही एकच वस्तू अशी आहे जी थोरल्याची धाकट्याला होत नाही. एका तोंडाची कवळी दुसऱ्या तोंडात जात नाही म्हणजे नाही! केसभर मोठी झाली तरी हिरडी सोलून निघते. मी धंदा निवडला तो या समाधानासाठी. आणि एवढं करून, एक दिवस एक गृहस्थ थेट माझ्या कारखान्यात आले, खिशातून रुमाल काढला, रुमालात कवळी. म्हणाले, आमच्या थोरल्या भावाची आहे, वारला बिचारा, फार वापरलीच नाही, जरा बाजूनं घासून मला बसवून द्या. मी मागे सरकलो. तर रुमाल माझ्या नाकापुढे धरून म्हणतात, "बघा तरी, नव्यासारखी आहे." दोन वेळचं जेवण गेलं नाही हो मला.

हां, तर मी कुठे होतो? रबरी सुटात. एक पाय आत. तर हे समुद्राचं प्रकरण सुरू झालं तेही दादापासूनच, दुसऱ्या कोणापासून होणार! दादाला तीन वर्षांपूर्वी अचानक हा नाद लागला. काइटबोर्डिंग म्हणतात त्याला. म्हणजे काय, खोलीएवढा मोठा पतंग वर हवेत, त्याच्या दोऱ्या तुमच्या कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली एक फळी, फळीवर पाय अडकवायला दोन पट्टे, आणि वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला ओढतो, आणि तुम्ही पाण्यावरून सुसाट. लहानपणी आपण पतंग उडवायचो, यात पतंग आपल्याला उडवतो. बरं, दादा तसा धरसोड्या, मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे, पण नाही. दादा शिकला. दादाचं पोट गेलं. दादाची मोठी फळी जाऊन लहान फळी आली, कारण यात म्हणे जसजसं येत जातं तसतशी फळी लहान होत जाते. आणि आमच्या घरी जेवताना रोज एकच विषय. बायको म्हणायची, "भावजींचं पोट बघा कसं गेलं." मी म्हटलं, गेलं कुठे, ते माझ्याकडे आलंय! खरंच सांगतो, दादाचं पोटसुद्धा शेवटी मलाच मिळालं. नव्यासारखं.

दिवसभर मान खाली घालून प्लास्टरच्या धुळीत बसणारा मी माणूस. डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत जा. दादा म्हणाला माझ्याबरोबर चल. म्हणजे छंददेखील दादानं वापरून झालेला! पण एक सांगू का, खोटं बोलणार नाही, एकदा किनाऱ्यावर उभा राहून मी दादाला लांब पाण्यावर जाताना बघितलं, आणि इतक्या लांबून तो दादा आहे की कोण आहे काही कळत नव्हतं. नुसता एक माणूस होता आणि वारा होता. मला वाटलं, तिथे गेलं की आपणही कोणाचे धाकटे नसू. हे मला हवं होतं. फार हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा झालो, म्हटलं आता एक तरी गोष्ट आपली, कोरी, आणि आपल्या मापाची.

हे नुसतं घरात बोललो, तर आईचा लगेच फोन. आई दादाकडे असते. "नवी फळी कशाला घेतोस रे? दादाची पहिली फळी आहे की. मी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलीये. तुला होईल म्हणूनच ठेवलीये. नव्यासारखी आहे."

झालं. मी त्याच संध्याकाळी दुकान गाठलं.

दुकानदार बरा माणूस होता, म्हणजे तोंड उघडेपर्यंत. भिंतीला ओळीनं फळ्या उभ्या, सगळ्या कोऱ्या, प्लास्टिकमध्ये गच्च, तो नव्याचा वास... अहाहा! मी डोळे मिटून दोन श्वास घेतले. भिंतीवर तक्ता, या वजनाला एवढी लांब, त्या वजनाला तेवढी. त्यानं मला आधी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, आकड्याकडून माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, येतं की शिकताय? मी म्हटलं शिकतोय. तर म्हणतो, मग मोठी घ्या. लांब आणि रुंद. मोठी फळी पाण्यावर पटकन तरंगून वर येते, कमी वाऱ्यात चालते, चुका पोटात घालते. शिकताना मोठीच असावी, हात बसला की मग लहान घ्यायची.

आता हे तुम्ही ऐकलंत, तुम्हाला काय ऐकू आलं? शहाणपणाचा सल्ला ऐकू आला. मला काय ऐकू आलं? माझ्या बुटांतले कापसाचे बोळे ऐकू आले! जरा मोठीच असावी! चाळीस वर्षं जे ऐकत आलो ते आता पैसे मोजूनही ऐकायचं? मी म्हटलं, मला माझ्या मापाची पाहिजे. तो म्हणाला, अहो, तुमचंच माप सांगतोय, नवशिक्याचं माप मोठंच असतं. मी तक्त्यात माझ्या वजनापुढचा लहान आकडा दाखवला, एकशे छत्तीस सेंटिमीटर. म्हटलं, हा काय आकडा इथे शोभेला लिहिलाय? तो म्हणाला, तो ज्यांना येतं त्यांचा रकाना आहे. मी म्हटलं, साहेब, मी कवळ्या बनवतो, मला माप शिकवू नका. आमच्यात केसभर मोठं म्हणजे चूक. मोठं घेऊन मग मावायचं, हे मी आयुष्यभर केलंय, आता बास. त्या बिचाऱ्यानं हात जोडले आणि एकशे छत्तीस बांधून दिली.

नारिंगी होती हो. घरी आणली, आणि ते प्लास्टिक मी स्वतः फाडलं. सावकाश. बायको म्हणाली, "छान आहे... पण भावजींची पडून होती ना?" मी बैठकीच्या खोलीत फळी जमिनीवर ठेवली, तिच्यावर उभा राहिलो, पाय पट्ट्यांत घातले, आणि तसाच उभा राहून चहा प्यायलो. कोणाची टाच लागली नव्हती तिला. माझी पहिली.

आणि मग तो दिवस. आधीचे धडे नुसते पतंगाचे झाले होते, आता फळीचा. अख्खं घराणं किनाऱ्यावर! आई घडीच्या खुर्चीवर, अंगात स्वेटर, मांडीवर पिशवी, सर्कशीला आल्यासारखी. मी सुटाचा दुसरा पाय घातला, ते मऊ काहीतरी माझ्या टाचेखाली दबलं... वाळू नव्हती हो ती! काय होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. तसाच निघालो. शिकवणारी बाई होती, गळ्यात शिट्टी, बोलणं कमी. तिनं सांगितलं, पाण्यात बसा, पाय फळीत, पतंग डोक्यावर, मग पतंग एका बाजूला झुकवा, तो ओढेल, तुम्ही उठा.

पतंगानं ओढलं. मी उठलो. फळी उठली नाही! फळी शहाण्यासारखी माझ्याखालून सरळ तळाला निघाली, आणि मी तोंडावर, आणि पतंगाला काय कळतंय, तो आपला ओढतोय, मी पोटावर घसपटत चाललोय, तोंड उघडं, आणि तोंडात सगळा समुद्र. समुद्र लांबून निळा दिसतो, तोंडात घेतल्यावर कळतं आत काय काय आहे ते! शेवाळ, बुळबुळीत, दाढेत अडकलेलं. कोणाच्या तरी अंगाचं क्रीम, त्याचा तवंग. एक पट्टी, जखमेवर लावतात ती, वापरलेली... शी! मी थुंकलो, पुन्हा बसलो, पुन्हा पतंग झुकवला, पुन्हा तळाला. बाई शिट्टी मारायची आणि दोनच शब्द बोलायची, "फळी लहान." पुन्हा बुडालो. "फळी लहान." नाकातून पाणी, कानातून पाणी. आणि वाऱ्यावरून आईचा आवाज, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा, "अरे, मी म्हटलं नव्हतं का, मोठं घे म्हणून!"

बाहेर आलो तेव्हा दादा माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फळी काखोटीला मारून पुन्हा दुकानात. दुकानदारानं मला बघितलं आणि चेहरा अगदी सरळ ठेवला, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मी म्हटलं, ही बदलून मोठी द्या. त्यानं फळी उलटीपालटी केली, कडेवर बोट फिरवलं, म्हणाला वापरलेली परत घेत नाही. मी म्हटलं, वापरली कुठे, नुसती बुडवलीये! तो म्हणाला, कडेला ओरखडा आहे. आणि तुम्हाला सांगतो, माझं तोंड उघडलं आणि माझ्या, माझ्या स्वतःच्या तोंडातून शब्द बाहेर पडले, "अहो, काय होतंय, नव्यासारखी आहे!"

मी तोंडावर हात ठेवला. मला माझीच किळस आली हो. काउंटरच्या मागच्या आरशात बघितलं, तर आईच उभी होती, मिश्या असलेली.

मग काय, नारिंगी काखेत तशीच, गेलो मुकाट्यानं दादाकडे आणि ती तिथेच दारामागे उभी केली. आई लगेच उठली. पलंगाखाली वाकली, गाठोडं ओढलं, चादर सोडली. दादाची पहिली फळी. लांब, रुंद, रंग उडालेला, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. मी नाक मुरडून बसलो होतो. पट्ट्यांखाली जिथे टाच ठेवतात ना, तिथल्या गादीवर दादाच्या टाचांचे खड्डे पडले होते, काळपट, मळके, बघूनच अंगावर काटा आला. आई म्हणाली, पाय घालून बघ. मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, घाल. घातला. डोळे मिटून घातला.

आणि माझी टाच त्या खड्ड्यात बसली. बोटाएवढीही फट नाही, दाब नाही, काही नाही. मी कवळीवाला आहे, मला बसणं म्हणजे काय ते कळतं. चव्वेचाळीस वर्षांत दादाची एक वस्तू मला धड झाली नव्हती, आणि ही अशी बसली, जशी माझाच ठसा घेऊन ओतली असावी. मी दुसराही पाय घातला. आईनं तेवढ्यात माझ्या पोटाकडे एकदा बघून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. तोच सूट, तोच वास, पाण्यात बसलो, पतंग झुकवला, आणि फळी वर आली! अहो, ती दादाची आडदांड फळी खालून उचलल्यासारखी वर आली आणि मी तिच्यावर उभा! दहा-बारा श्वास असतील फार तर. पण उभा होतो, पाणी पायाखाली सरकत होतं, वारा कानात होता, आणि रडू येत होतं मला, खरं सांगतो, खारं पाणी म्हणून खपून गेलं. तिथे मी कोणाचा कोणी नव्हतो. नुसता एक माणूस होतो आणि वारा होता. आणि तेवढ्यात मागून, किनाऱ्यावरून, घडीच्या खुर्चीवर उभी राहून आई सगळ्या जगाला ओरडून सांगतेय, "मावला! मावला गं बाई एकदाचा!"

पडलो. हसूनच पडलो.

फळी खांद्यावर टाकून बाहेर आलो, छाती पुढे, म्हटलं दादाला सांगू. तर दादा जागेवर नाही. बायको म्हणाली, भावजी पाण्यात आहेत. मी बघितलं. लांबवर दादा चाललाय, झोकात, उड्या मारतोय, आणि पायाखाली काहीतरी चमकतंय. नारिंगी.

माझी! माझी कोरी एकशे छत्तीस! मी फक्त बुडवलेली! आला किनाऱ्याला, दगडावर घसपटतच थांबवलीन, कर्र आवाज झाला तो माझ्या हिरड्यांत गेला. वर येऊन म्हणतो, "काय फळी घेतलीस रे! माझ्या अगदी मापाची. नाहीतरी तुझी पडूनच होती, म्हटलं जरा वारं दाखवावं." मी म्हटलं, दादा, ती माझी आहे. "अरे, तुझीच आहे," दादा म्हणाला, आणि कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली, सूट ओला, थाप चांगलीच लागली. "तुझीच आहे रे. तू शिक निवांत त्या मोठीवर. वर्ष लागेल, दोन लागतील. एकदा तुला जमायला लागलं, की हीच तुला देईन."

दादानं फळीवरची वाळू तळव्यानं पुसली, ओरखडा अंगठ्यानं जरा चोळून बघितला, आणि मोठ्या मनानं म्हणाला, "काळजी करू नकोस. तोपर्यंत नव्यासारखी ठेवतो."